पांढरीच्या टेकाडावरचा टॉवर

सुट्टीत सासरी गेलं की आपल्याला चूल आणि पाहुणे काही सुटत नाहीत. पण गेल्या मे महिन्यात मी एक दिवस चक्क चोरला आणि इनामगावला जाऊन आले. निमित्त झालं मोबाईलच्या टॉवरचं!

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. फोनला रेंज नाही. शहरातल्या लेकाशी बोलायचं तर सासूबाई काठी टेकत पाण्याच्या टाकीपर्यंत जातात. त्यामुळे टॉवरवाले जागा बघायला आले तेव्हा घरात आनंदच झाला. त्यांना उंचवटा हवा होता. भावजींच्या शेतातलं पांढरीचं टेकाड त्यांना पसंत पडलं. तिथे पाणी चढत नाही, पीक धड येत नाही, वर दरमहा भाडं! मग नाही कशाला म्हणायचं?

काळी कसायची आणि पांढरी राहायची, हे तुम्ही ऐकलं असेलच. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरं पडत गेली, राख-शेण-माती साठत गेली, की जमीन पांढुरकी होते आणि वर येते. लोक ती खत म्हणून गाड्या भरभरून नेतात. माझ्या नणंदा लहानपणी ठिकरीच्या खेळाला खापऱ्या तिथूनच वेचून आणत.

इनामगावही घोडेच्याच काठी आहे. तिथे देऊळ-किल्ला पाहायला जाल तर निराश व्हाल. आहेत ती मातीची टेकाडं. पण डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदलं, तेव्हा इ.स.पूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यानचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. कुडाच्या भिंतींची घरं, घरात चूल, धान्याची पेवं, पाण्याचा पाट. सातू हे मुख्य पीक. एका घरात मातीच्या झाकणाच्या डबीत शिर नसलेली देवी जपून पुरलेली होती, सोबत मातीचा बैल.

आणि बाळं! तान्हं मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. त्या आईला लेकरू घराबाहेर ठेववलं नसेल, असं आपलं मला वाटतं.

परतीच्या वाटेवर आमचं टेकाड दिसलं आणि पोटात कालवलं. टॉवरच्या पायाला खोल खड्डा लागतो. त्यात काय फुटेल कोणाला ठाऊक?

संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी, हे २०१० पासून कायद्यातच आहे. पण आमच्या टेकाडासारख्या यादीत नसलेल्या जागांना ती रेषा कुठली! मग माझ्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना बोलावलं. त्यांनी काही खोदलं नाही. सुतळ्या बांधून चौकोन पाडले आणि तांदूळ निवडावेत तशी सगळी जमीन पाहिली. कोणती खापरी कुठल्या चौकोनात, ते लिहून घेतलं. जागच्या जागी राहिली तरच ती बोलते, म्हणे! तांबड्यावर काळ्या रेघांच्या बऱ्याच निघाल्या. वय विचारलं तर म्हणाले, "वहिनी, नुसतं बघून नाही सांगता यायचं. पण इथे खड्डा नको."

भावजी दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी स्वतःच टॉवरवाल्यांना ओढ्यापलीकडचा मुरमाड माळ दाखवला. तोही उंच, आणि खाली नुसता खडक. त्यांनी तो लगेच पसंत केला.

फक्त तो माळ चुलतभावजींचा आहे. भाडं आता त्यांच्या घरी जाणार. सासूबाईंना काय, रेंज आल्याशी कारण! जाऊबाई मात्र अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. परवा पापडाचं पीठ मळताना म्हणाल्याच, "खापऱ्यांपायी भाडं घालवलंस गं." मी काय बोलणार? मुकाट्याने लाट्या करत बसले.