पांझरेच्या पाटावर

ग्रामजीवनाचा परिचय व्हावा म्हणून निघणाऱ्या महाविद्यालयीन सहलींचा बराचसा वेळ देवळाच्या ओवरीत प्रश्नावल्या भरण्यात जातो, हे अनेक वर्षे पाहिलेले असल्यामुळे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन साक्री तालुक्यातील पांझरेकाठच्या एका गावी निघालो तेव्हा मी मनाशी ठरवले होते, की या खेपेस माणसांना काही विचारण्यापूर्वी पाण्याच्या मागोमाग चालायचे.

नदीच्या पात्रात खडक पाहून दगडी बंधारा घालायचा, त्याच्या कडेने पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात एका हंगामाला सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, ही धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील जुनी फडपद्धती. तिच्यात पाणी फिरवणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार असे कामगार शेतकऱ्यांनीच नेमलेले असतात. तलाठ्याने सातबाराचे उतारे दाखवले, त्यांत गट वेगळे, खातेदार वेगळे, आकार वेगळा. परंतु बांधावर उभे राहून पाहिले तर समोर गव्हाचा एकच अखंड हिरवा पट्टा पसरलेला, आणि त्यात कोणाचे शेत कोठे संपते हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना.

पाटकरी आबा वयोवृद्ध होते. फावड्याने चिखलाचे एक ढेकूळ उचलून त्यांनी चारीचे तोंड मोकळे केले, पाणी क्षणभर घुटमळले, भेगाळलेल्या मातीतून बुडबुडे निघाले आणि मग ते सावकाश सऱ्यांमध्ये शिरले. ज्याचे शेत भिजत होते तो शेतकरी तेथे नव्हताच.

"आबा, मालक कुठं आहेत?" एका विद्यार्थिनीने विचारले.

"त्यांचं काय काम इथं, पोरी? पाणी मी देतो. मालकानं फावड्याला हात लावायचा नाही."

मला त्या उत्तराचे अतिशय मोल वाटले. पाण्याचा वाटा आणि पाण्याचा मोह एकाच हाती राहू नयेत, ही केवढी सूक्ष्म राज्यव्यवस्था, आणि ती कोणत्याही सरकारी दप्तरावाचून पिढ्यान्पिढ्या नांदली! नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी पंच बसून एखादा फड पडीक ठेवतात. प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असावी असा मूळचा संकेत असल्यामुळे तो तोटा एकट्यादुकट्याच्या माथी बसत नाही.

त्याच मुलीने पुढे विचारले, की ज्याची जमीन एकाच फडात उरली असेल त्याने काय करावे? आबा बराच वेळ फावड्यावर रेलून उभे राहिले. वाटण्या झाल्या, खरेदीखते झाली, असे लोक आता पुष्कळ आहेत, ते म्हणाले. त्यांनी विहिरी खणल्या, पंप बसवले, आणि पाटाचा गाळ काढायच्या दिवशी त्यांच्या घरचा माणूस येईलच असे नाही. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, पण खिन्नता होती.

विद्यार्थ्यांनी छापील प्रश्नावल्या पिशवीत ठेवल्या आणि कोणत्या खातेदाराची जमीन किती फडांत आहे हे काढण्यासाठी फेरफारांची नोंदवही मागायला ते पुन्हा चावडीकडे वळले.