सुलोचना, पण ती नव्हे!

मूकपटांतल्या नट्यांवर माझा जरा जास्तच जीव आहे. त्यातही सुलोचना. मराठी सिनेमातली सोशिक आई नव्हे हो, तिच्या आधीची! खरं नाव रुबी मायर्स. जन्म १९०७चा, पुण्यातला, ज्यू घरातला. सिनेमात येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. म्हणजे बघा, जिचं पोट आवाजावर चालायचं, ती स्टार झाली न बोलता! १९२७च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त तर तिने एकटीने आठ भूमिका केल्या.

१९३१मध्ये बोलपट आला आणि पंचाईत झाली. बाईंना हिंदुस्तानी धड येईना. मग काय, काम थांबवून भाषा शिकल्या. १९२८ला मूकपटात साकारलेली अनारकली १९३५ला बोलपटातही साकारली. १९५३च्या 'अनारकली'त बीना राय नायिका, आणि ही सलीमची आई!

तिचे बहुतेक मूकपट आज नाहीत. बॅकअप कोण घेणार तेव्हा? उरलेत ते फोटो. त्यातले डोळे भुरळ घालतात, नाही कोण म्हणतो? पण मी फिदा आहे तो पंचविशीत, एवढं नाव झालेलं असताना पुन्हा मुळाक्षरं गिरवणाऱ्या बाईवर. आपण मात्र प्रोजेक्टवर नवी लँग्वेज आली की कुरकुरतो. असो.