डोलणारी हत्तीण

त्याचं असं झालं, १९८८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत गावात सर्कस आली आणि आमचे अण्णा मला सर्वांत स्वस्त तिकिटाच्या फळीवर घेऊन गेले.

हत्ती आला. म्हणजे हत्तीण. सर्कशीत तेव्हा बहुधा हत्तिणीच असायच्या; नर माजावर आला की आवरत नाही. तिने घंटा वाजवून शंकराच्या पिंडीची पूजा केली, सोंडेत बॅट धरून चौकार मारला आणि शेवटी एका स्टुलावर चारी पाय गोळा करून उभी राहिली. आमचा कॅशियर तेवढ्याच स्टुलावर बसतो आणि दिवसभर कुरकुरतो. इथे तर अडीच-तीन टनांचा ऐवज! माहुताच्या हातात एक छोटी काठी होती. तिच्या टोकाला आकडा असतो आणि तो कानामागच्या मऊ कातडीत रुततो, हे फळीवरून दिसत नाही.

खेळ संपल्यावर आम्ही तंबूमागे गेलो. पुढचा एक आणि मागचा एक पाय साखळीने खुंट्याला बांधलेला, आणि बाई डोलताहेत. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"अण्णा, ती नाचतेय?"

"उद्याची तालीम करत असेल."

अण्णा पोस्टात होते. कामाची वेळ संपल्यावर कोणी तालीम करतं, यावर त्यांचाही विश्वास नसावा. मी मात्र आठवडाभर पाहुण्यांसमोर तसाच डोलून दाखवला. टाळ्या मिळाल्या.

हा पराक्रम परवा मी आमच्या सहावीतल्या कन्येला सांगितला. ती म्हणाली, "बाबा, ते नाचणं नसतं. रानातला हत्ती दिवसभर चालतो. वर्षानुवर्षं एका जागी बांधला की असा डोलायला लागतो. आणि तू टाळ्या वाजवल्यास?"

"सगळेच वाजवत होते," मी म्हणालो. हे उत्तर मी बँकेत ऑडिटरलाही देऊन पाहिलंय. तिथेही चालत नाही.

मग कॉमर्सचा पदवीधर या नात्याने मी कागद शोधले. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. यादीत हत्ती नव्हता. २०१० साली त्याला 'राष्ट्रीय वारसा प्राणी' असा हुद्दा मिळाला. पुढच्याच वर्षी यादीत भर पडली, ती बैलाची! हुद्दा मोठा, साखळी तीच. आमच्याकडे याला 'आर्थिक लाभाविना पदोन्नती' म्हणतात.

रात्री जेवताना आईला जुन्या आठवणींचा उमाळा आला. "तुझा बाबा लहानपणी हत्तीसारखा काय सुरेख डोलायचा! दाखव रे एकदा."

कन्या माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "नको. गुडघे दुखताहेत."