शिशाच्या विटा

एम.एस्सी.च्या प्रकल्पात सरांनी मला सीझियम-137चा छोटा सोर्स आणि लॅन्थॅनम ब्रोमाइडचे दोन डिटेक्टर दिले. सीझियमपासून बेरियमचं उत्तेजित अणुकेंद्रक तयार होतं. उत्तेजित आणि शांत अवस्थांच्या फिरकीतला फरक मोठा असल्याने ते लगेच शांत होत नाही, त्याचं अर्धायुष्य अडीच मिनिटांच्या आसपास आहे. शांत होताना ते बहुधा 662 केईव्हीचा एकच गॅमा सोडतं. दहा लाखांत साधारण दोनदा मात्र तीच ऊर्जा दोन गॅमांत वाटली जाते. अशी दुहेरी प्रक्रिया अणूंसाठी मारिया गोपर्ट-मायर यांनी 1930च्या सुमारास गॉटिंगेनला मांडली होती. बेरियमच्या केंद्रकात ती मोजली डार्मस्टाटच्या संशोधकांनी, 2015 साली.

तीच प्रक्रिया पाहायला मी डिटेक्टर समोरासमोर, मध्ये सोर्स, अशी मांडणी केली. दोन्हीकडे एकाच वेळी नोंद झाली तरच ती धरायची आणि ऊर्जांची बेरीज करायची. दुसऱ्या दिवशी पडद्यावर बरोबर 662ला टोकदार पीक! मी धावत सरांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "दोघांच्या वाट्याला किती किती आले?"

बघितलं, तर बहुतेक जोड्या सारख्याच होत्या: एकाकडे 478, दुसऱ्याकडे 184. खऱ्या जोडीत वाटणी कशीही होऊ शकते, ती एकाच ठिकाणी अशी साचत नाही. हा होता कॉम्प्टन परिणाम. एकच गॅमा एका स्फटिकावर आदळून मागे फिरला होता आणि उरलेली ऊर्जा समोरच्यात टाकून आला होता. बेरीज 662 येणारच!

मग डिटेक्टर कोनात वळवले आणि मध्ये शिशाची भिंत रचली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एकेक वीट जवळजवळ बारा किलोची. हातमोजे घालून त्या एकेक बसवताना फटी राहिल्या, त्या पुन्हा उपसून बुजवल्या. डार्मस्टाटकरांनीही पाच डिटेक्टर 72 अंशांवर ठेवून मध्ये शिसंच घातलं होतं, हे वाचलेलं होतं. का घातलं होतं, ते हात भरून आल्यावर उमगलं. माझ्या मते या प्रयोगाचा खरा कस इथेच आहे. दुर्मीळ घटना शोधण्यापेक्षा तिचं सोंग घेणाऱ्या लाखो घटना ओळखून बाहेर काढण्यात जास्त अक्कल लागते. त्यात लॅन्थॅनम स्वतःच किंचित किरणोत्सारी, म्हणजे रिकामा डिटेक्टरही मोजत राहतो.

नऊ दिवस मोजणी चालली. पीक गेलं, आणि उरलेल्या नोंदींवरून दुहेरी क्षय दिसला असं म्हणता येत नव्हतं. प्रबंधात मी तसंच लिहिलं.