शेंगेचे गोत्र

वैशाखात गुलमोहराच्या माथ्याकडे पाहणाऱ्यांची वाण कधी पडत नाही. परंतु पौष-माघात, पाने विरळ झाल्यावर, त्याच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या हात-सव्वा हात लांबीच्या, काळपट, टणक शेंगांकडे कोणी आवर्जून पाहत उभा राहिल्याचे ऐकिवात नाही. पोरेसोरे तेवढी त्या शेंगांच्या तलवारी करून लढाया खेळतात, आणि खेळता खेळता एखादी तलवार उभी चिरली गेली म्हणजे आतल्या आडव्या कप्प्यांत एकेकटे निजलेले तपकिरी, कठीण दाणे मातीत सांडतात. त्या वीरांपैकी ज्याने कधी आजीजवळ बसून वालाच्या शेंगा सोलल्या असतील, त्याला हा रस्त्याच्या कडेचा दरबारी वृक्ष आपल्या परसातल्या कुंपणावर चढलेल्या वेलाचा भाऊबंद आहे हे कळण्यासाठी वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ उघडण्याचे कारण उरत नाही. आणि उघडलाच, तर तो एवढेच सांगतो की तूर, हरभरा, मेथी, भुईमूग, चिंच, बाभूळ, पळस आणि पांगारा ही सारी मंडळी ज्या सुमारे वीस हजार जातींच्या शिंबावंत कुळात नांदतात, त्याच कुळाच्या वंशावळीत या दोघांचीही नोंद आहे.

मात्र दोघांचे हुद्दे फार निराळे. गुलमोहर मामलेदार कचेरीच्या आवारात, कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यासमोर, स्टेशनाच्या फाटकाशी आणि कॉलेजच्या रस्त्यावर, जिथे जिथे सरकारी खर्चाने शोभा आणावयाची असते तिथे तिथे उभा. वाल न्हाणीच्या सांडपाण्यावर, गोठ्यामागच्या काटक्यांच्या मांडवावर, नाहीतर भाताची कापणी झाल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर गुजारा करणारा. जुन्या दप्तराच्या भाषेत बोलायचे तर वाल हा गावचा मिरासदार आणि गुलमोहर उपरी, असे कोणालाही वाटावे, आणि गुलमोहराच्या बाबतीत ते खरेही आहे. तो मूळचा मादागास्कर बेटातल्या कोरड्या पानगळी अरण्यांचा. बोहेमियात जन्मलेल्या आणि मॉरिशसमध्ये आयुष्य वेचलेल्या वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिज्ञाने तो त्या बेटावर पाहिला, १८२९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन इंग्लंडात छापून आले, आणि त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास तो मुंबईत दाखल झाला. पेशवाईतल्या प्रणयी जोडप्यांना गुलमोहराच्या सावलीत बसविणाऱ्या कादंबरीकारांनी ही तारीख एकदा नजरेखालून घालावी हे बरे. परंतु वालाची सनद तपासू गेले तर तीही समुद्रापारचीच निघते! त्याचे रानटी पूर्वज आफ्रिकेत आढळतात; दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत त्याचे जळके दाणे मिळाले आहेत, त्यावरून त्याच्या इकडल्या वहिवाटीला साडेतीन हजार वर्षे तरी लोटली असली पाहिजेत. तेव्हा दोघेही एकाच दिशेने आलेले उपरी. एकाची वहिवाट इतकी जुनी झाली की तो कोठून आला हे विचारण्याची कोणास बुद्धी झाली नाही, आणि दुसऱ्याच्या कबुलायतीची शाई अजून पुरती वाळलेली नाही.

सौंदर्याच्या दाव्यात गुलमोहराच्या बाजूने हुकूमनामा आधीच लिहून ठेवलेला असतो, म्हणून मी प्रथम त्याचेच एक फूल तळहातावर घेऊन पाहतो. पाच पाकळ्या, चार एकरंगी, तांबड्या, आणि पाचवी अंमळ मोठी, उभी, पांढुरक्या-पिवळसर जमिनीवर लाल ठिपके शिंपडलेली, मधून मोकळे पसरलेले दहा लांब पुंकेसर, आणि खाली बाहेरून हिरवी पण आतून लाल अशी पाच जाड दले, जी सोलून मुली नखांवर चिकटवतात. पाकळी जिभेवर ठेवली तर आंबट लागते. सगळे उघड, सगळे सर्वांसाठी, वाटसरूला दुरूनच वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलेले. वालाचे फूल अंगठ्याच्या नखाएवढे, पांढरे किंवा जांभळे, आणि त्याची रचना मात्र अशी गुंतागुंतीची की ती समजून घेण्यास त्याच्यापुढे वाकावे लागते. मागे उभारलेला एक ध्वज, दोन बाजूंस दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली नौका, जिच्या पोटात दहांपैकी नऊ पुंकेसर एकत्र बांधलेले आणि दहावा वेगळा असा सारा ऐवज झाकून ठेवलेला असतो. भुंग्यासारखा वजनदार पाहुणा येऊन बसला म्हणजे त्याच्या भाराने नौका दबते, आतला पराग त्याच्या अंगाला लागतो, आणि तो उडाला की दार पुन्हा मिटते. कारागिरीच्या कसोटीवर निवाडा करावयाचा झाला तर मी वालाच्या बाजूने कौल देईन. गुलमोहराचे वैभव संख्येचे आहे, हजारो फुले एकाच आठवड्यात एकाच माथ्यावर उधळण्याचे आहे, आणि तेही काही सामान्य काम नव्हे.

तांबड्या रंगाचीच गोष्ट निघाली आहे तर वालाच्या पदरी असलेला तांबडा रंगही सांगितला पाहिजे. बहरात आलेला वेल हलक्या हाताने, मातीसकट उपटावा. मुळांवर बारीक गाठी दिसतात, आणि त्यांपैकी एखादी नखाने चिरली तर आतला गर गुलाबी-लालसर निघतो. त्या गाठींत वस्तीला असलेले सूक्ष्म जंतू हवेतला नत्र धरून वेलाच्या उपयोगी पाडतात व मोबदल्यात त्याच्याकडून साखर घेतात, हा व्यवहार हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली वाटाण्यावरील प्रयोगांनी उघडकीस आणला. आणि गाठीतला तो रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते आपल्या रक्तातल्या तांबड्या द्रव्याच्याच जातीचे असून, जंतूंना प्राणवायू बेताने पोचविण्याचे काम करते. गुलमोहराच्या मुळांवर सामान्यतः अशा गाठी आढळत नाहीत. एका भावाने आपली सगळी लाली माथ्यावर मिरवावी आणि दुसऱ्याने ती ढेकळाखाली ठेवून तिच्याकडून शेताची मशागत करून घ्यावी, हा योगायोग मला त्यांच्या फुलांच्या कोणत्याही तुलनेपेक्षा अधिक विस्मयकारक वाटतो.

स्वभावात मात्र भाऊपणा लपत नाही. कठीण कवचाचे गुलमोहराचे बी थोडे घासून, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पेरले तर मातीतून मान वर काढणारी त्याची दोन जाड बीजदले वालाच्या कोंबाची आठवण देतात. आणि दिवेलागणीला दोघेही पाने मिटतात, एक आपली नाजूक पर्णिका जोडून, दुसरा आपली त्रिदळे खाली सोडून. ही झोप सूर्यास्तावर अवलंबून नसून रोपाच्या अंगच्या घड्याळावर चालते, हे दाखविणाऱ्या संशोधकांपैकी ब्युनिंगने आपले प्रयोग घेवड्याच्या पानांवरच केले होते.

पंचांग तेवढे दोघांचे उलटे आहे. दिवस लांबत चालले, ऊन करपवू लागले, सगळ्या परसाने हात टेकले, की गुलमोहर पेटतो, आणि मृगाच्या पहिल्या वादळी सरीत रस्त्यावर तांबडा सडा घालून, बहुधा एखादी कच्च्या लाकडाची फांदीही तारांवर टाकून, रिकामा होतो. वालाचे जुने वाण दिवस आखूड होण्याची वाट पाहतात. दिवाळी सरली, सकाळी धुके पडू लागले, की मग त्यांना फूल धरते. साताऱ्याच्या रसिकांनी १ मे हा दिवस गुलमोहराच्या नावे लावून दिला आहे आणि त्यात त्यांचे कौतुकच आहे. पण वालाचा दिवस कोणी ठराव न करता शतकानुशतके पाळला जात आला आहे, तो संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा. भोगीच्या भाजीत वांगी, गाजरे, ओला हरभरा आणि तीळकूट या सगळ्यांना जागा असली तरी पावट्याशिवाय ती भाजी भाजी होत नाही, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीला तिच्यावाचून चव नाही. रायगडाकडे त्याच दिवसांत मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ आणि ओवा भरतात, मडके शेतातल्या जाळात पालथे घालतात आणि त्या पोपटीभोवती सगळी आळी गोळा होते. पुढे शेंगा वाळल्या की कडवे वाल डब्यात जातात. ते भिजवावे, फडक्यात बांधून मोड आणावे, कोमट पाण्यात टाकून एकेक साल चिमटीने काढावे आणि मग त्या डाळिंब्यांचे ओले खोबरे, गूळ व आमसूल घालून बिरडे करावे. हे सोलणे ज्याने केले नाही त्याने बिरडे महाग का म्हणून वाद घालू नये.

आमच्याकडच्या ललित लेखकांना उपयुक्त आणि सुंदर यांचा तंटा लावून देण्याची फार हौस. पण या दोघांच्या बाबतीत तो तंटा उभा राहत नाही, कारण ज्या महिन्यांत एकाकडे देण्यासारखे काही असते त्या महिन्यांत दुसरा बहुतांशी हजरच नसतो. आमच्या शेजारच्या सहकारी गृहसंस्थेत एका वृद्ध बाईंनी फाटकाजवळच्या गुलमोहराच्या बुंध्याशी वालाचे चार दाणे टोचले होते. मार्गशीर्षापर्यंत वेल पहिल्या बेचक्यापर्यंत पोचला, तेव्हा चिटणीसांनी जाता जाता अदबीने हरकत घेतली.

"आजी, झाडाची शोभा जाते हो याने."

"शोभेला अजून चार महिने आहेत रे. तोवर काय ते नुसतंच उभं राहणार?"

विषय रीतसर सभेपुढे आला. वेल काढावा की ठेवावा यावर अर्धा तास खल झाला, एका सभासदाने झाडाला इजा होते काय याची तज्ज्ञामार्फत चौकशी करावी अशी सूचना मांडली, आणि अखेर प्रकरण पुढच्या बैठकीवर टाकून इतिवृत्तावर सह्या झाल्या. पुढची बैठक फाल्गुनात भरली. तोवर वेल वाळून आपोआप खाली आला होता, बियाणे आजींच्या डब्यात जमा झाले होते, आणि भोगीच्या आदल्या संध्याकाळी शेंगांचा एक वाटा चिटणीसांच्या घरीही पोचता झाला होता.