पोटातले ओठांवर

आम्ही बायका पोटात किती ठेवतो, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. सासूचे बोलणे, नवऱ्याचे कर्ज, माहेरची आठवण, सारे तिथेच. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तर दुखणेही तिथेच ठेवले. पाळी जाऊन पाच वर्षे झाली होती आणि पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले. “उष्णता असेल गं,” म्हणत त्या सब्जाचे पाणी पीत राहिल्या. त्या दिवाळीच्या करंज्याही त्यांनीच तळल्या.

पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. विजेचे शेक घेतले, वर्षभर बरे गेले. मग जिना चढताना धाप लागू लागली, पायांवर सूज आली. तपासणीत हृदयाच्या उजव्या कप्प्यात गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, “असे फार क्वचित होते. पण रोगाच्या पेशी शिरांतल्या रक्ताबरोबर वाहत निघाल्या, की ते रक्त उजव्या कप्प्यातच येते.” महिन्याभरात जाऊबाई गेल्या.

हा रोग मुळात घाईचा नव्हे. तो ज्या विषाणूंमुळे होतो, त्यांतला मुख्य विषाणू हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ साली शोधला. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. विषाणूची लागण आणि कर्करोग यांत बहुधा १५ ते २० वर्षे जातात. एवढी सवड कुठला शत्रू देतो?

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी होई. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य व्हिनेगर लावायचे, मिनिटभर थांबायचे. बिघडलेली जागा पांढरी दिसते. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला : तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मुलींसाठी तर आता लसही आहे. पुण्यात तयार झालेल्या लशीला २०२२ साली मंजुरी मिळाली.

तेव्हा बायांनो, फराळाला जावा-नणंदा एकत्र बसतील, तेव्हा साड्यांच्या गप्पांत एवढेही विचारा, “तुझी तपासणी झाली का गं?” तिशी उलटलेल्या प्रत्येकीला विचारा. पाळी गेल्यावर लाल दिसले, तर सब्जा भिजवू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पोटातून हृदयापर्यंत पोचायला रोगाला वर्षे लागतात. पोटातले ओठांवर आणायला आपण त्याहून उशीर का करावा?