चौदा बाइटांचा तिढा

इथरनेटचं हेडर १४ बाइटांचं. चौदाला चारने भाग जात नाही, आणि नेटवर्किंगच्या कोडमध्ये गेलेलं माझं निम्मं आयुष्य याच्यापायीच गेलं. ड्रायव्हर बफरच्या तोंडाशी दोन बाइट मोकळे सोडतो, मग आयपी हेडर चाराच्या पटीवर बसतं. एक्स८६वर लिनक्स तेही सोडत नाही, तो प्रोसेसर वाकडा पत्ता निमूट वाचतो. लॅपटॉपवर चाललं म्हणजे झालं, असं मानणारी पिढी त्यातूनच तयार झाली.

टनेल आला की ही सोय पुरत नाही. व्हीएक्सलॅनमध्ये आयपीचे २०, यूडीपीचे ८, व्हीएक्सलॅनचे ८ आणि वर पुन्हा इथरनेटचे १४. बेरीज ५०. बाहेरचं आयपी हेडर सरळ बसवलं की आतलं दोन बाइट सरकलेलंच; आतलं सरळ करावं तर बाहेरचं सरकतं. एआरएमव्ही७वर साधं एलडीआर हेही खपवून घेतं. पण कंपायलरने सोर्स आणि डेस्टिनेशन हे शेजारचे पत्ते एकाच एलडीएममध्ये उचलले की ट्रॅप. सी-ची ओळ तीच, कंपायलर नवा, बोर्ड आडवा. लिनक्सचा ट्रॅप हँडलर हे निस्तरतो. आमच्या छोट्या आरटीओएसमध्ये ती सोय नाही.

फॉल्ट अ‍ॅड्रेसचा शेवटचा आकडा २, ६, ए किंवा ई दिसला की मी ‘अलाइनमेंट’ म्हणायचो आणि सगळे वळून बघायचे. त्या बघण्याची मला चटक होती, अजून आहे. टीममध्ये नवी आलेली मुलगी डंप उघडतच नाही. कागदावर हेडरांची बेरीज मांडते. “सर, हे बोर्ड लावायच्या आधीच दिसतंय की,” म्हणाली. मला ते लागलं.

निदान ती स्ट्रक्टला पॅक्ड लावून मोकळी होत नाही. पॅक्डमधल्या फील्डचा पॉइंटर पुढच्या फंक्शनला दिला, की आत पॅक्ड होतं हे तिथे कुणाला ठाऊक? क्रॅश तीन फंक्शनं पुढे जातो, एवढंच. जीसीसी ९ त्याबद्दल बजावतं. लोक ती वॉर्निंगच बंद करतात. याची मला मनापासून चीड आहे.

आतलं हेडर बाइट-बाइट वाचावं, असं माझं म्हणणं. सरळ जागी कॉपी करू, वरचा टीसीपीचा कोड हलवायला नको, असं तिचं. दोन बाइटांपायी अख्खं पॅकेट कॉपी करणं मला सोसवत नाही. हेडरांपुरतीच कॉपी करायची, यावर सध्या आमचं जमलंय.